फेट्याखालची बट

जातीच्या दाखल्यांच्या टेबलावर मला नऊ वर्षं झाली. लोक आपापली वंशावळ लिहून आणतात आणि मी ती तपासते. सगळ्यात वर खापरपणजोबा, त्याच्याखाली त्याचे मुलगे, मग मुलग्यांचे मुलगे, आणि तळाला ज्याला दाखला हवा आहे तो. जात बापाकडून धरतात, त्यामुळे आया-आज्या त्या कागदावर येत नाहीत. कोणी हौसेने आजीचं नाव घातलंच, तर मी लाल पेनने त्यावर रेघ मारते आणि नवीन कागद करून आणायला सांगते. माणसं वैतागतात. वैतागू देत. अपुरा अर्ज आणि जास्तीचा अर्ज, दोन्ही मी परत पाठवते. कचेरीत माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

हे आधी सांगायचं कारण असं की माझ्याच घराची वंशावळ काढायची वेळ आली तेव्हा मीही ती तशीच काढली.

माझ्या सासरच्या पुरुषांच्या कपाळावर, बरोबर मधोमध, केसांची एक पांढरी बट असते. पिकलेली नव्हे, जन्मापासूनची. सासऱ्यांना आहे, नवऱ्याला आहे, सासऱ्यांच्या वडिलांनाही होती. नवरा ओझरला विमानांच्या कारखान्यात आहे, तिथे नवा माणूसही त्याला बटेवरून शोधून काढतो. मला पाहायला आला तेव्हा मला वाटलं याने रंगवून घेतली आहे, आणि असा नटवा माणूस नको असं मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं. आईने मला गप्प केलं.

त्या बटेचं कौतुक सगळ्यात जास्त सासूबाईंना. "आमच्या घराण्याची खूण आहे ती," त्या सांगायच्या. "आमचं काही लपून राहत नाही. जे असतं ते कपाळावर." त्या स्वतः लग्न होऊन आलेल्या, त्यांच्या डोक्यावर ती बट असण्याचा प्रश्नच नव्हता. पण 'आमचं' म्हणण्यात त्या घरातल्या सगळ्यांच्या पुढे.

मुलगा झाला तेव्हा त्याला बट होती. नखाएवढी, ओल्या केसांत चिकटलेली. सासूबाई पेढ्यांचा डबा घेऊन इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीचे चारही मजले फिरल्या आणि दर दारात बाळाचं टोपडं सरकवून ती दाखवली. टोपडं काढलं तर सर्दी होईल म्हणून मी चिडले होते. आता आठवतं तेव्हा त्या चिडण्याचीच लाज वाटते.

तीन महिने झाले तरी तो मान धरेना. मुलगे उशिरा धरतात, सगळ्यांनी सांगितलं. पाच महिने झाले. पाय उचलेना, रडणं मांजरीच्या पिल्लाएवढं बारीक. डोळे मात्र लख्ख. पंखा, दिवा, माझ्या बांगड्या, सगळं तो पाहायचा आणि हसायचा. रक्त मुंबईला गेलं. स्नायूंचा आजार निघाला, आई-बाप दोघांकडून मिळून आलेला. औषध असतं म्हणे, पण ते लवकर लागतं, आणि आमचा नंबर लागेपर्यंत त्याचा श्वास कमी पडायला लागला होता. घरात कफ ओढायचं मशीन आणलं. त्याचा आवाज मला अजून कुठेही ऐकू येतो, मिक्सर लावला तरी. चौदाव्या महिन्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही. करायला काहीच ठेवलेलं नाही. मोठं माणूस गेलं की तेरा दिवस माणसाला कामाला जुंपतात, ते किती शहाणपणाचं आहे हे मला तेव्हा कळलं. मी सहाव्या दिवशी कचेरीत गेले आणि साठलेले अर्ज संपवले. मला रडू आलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला स्वतःचीच भीती वाटायची. भाजीत मीठ जास्त झालं तरी कळायचं नाही. शेजारची बाई जिन्यात दुसरीला म्हणाली, "दगड आहे बाई," आणि मला वाटलं, बरोबर बोलते आहे.

सासूबाई रडल्या, पुष्कळ रडल्या, आणि रडून झाल्यावर बोलायला लागल्या. "आमच्यात असं कधी झालं नाही. आमचं असतं ते दिसतं. न दिसणारं काही आलं असेल तर ते बाहेरून आलं." बाहेरून म्हणजे माझ्याकडून. नवऱ्याच्या रक्ताच्या अहवालातही तोच दोष होता, तो त्यांना वाचून दाखवला, तर म्हणाल्या लॅबवाले चुकतात. एकदा माझ्या आईसमोर म्हणाल्या, "खाण तशी माती." आई चहा अर्धा टाकून उठली. बोलण्यासाठी राग यावा लागतो, मला तोही येत नव्हता.

पाच महिन्यांनी मला पुन्हा दिवस गेले. ठरवून नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवलं आणि कागद पुढे ओढला. "शरीराला लागणारी बहुतेक प्रत्येक सूचना तुमच्याकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून." हे मला लगेच कळलं, कचेरीतही दोन प्रती असतात. "ही बट आहे ना तुमची," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ती प्रभावी. दोनपैकी एका प्रतीत आली तरी ती दिसणारच. म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर राहते. तुमच्या मुलाचा आजार अप्रभावी. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं, माणसाला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. अशी प्रत शंभर वर्षं घराण्यात गुपचूप फिरू शकते. दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली तरच मूल आजारी पडतं."

तुम्ही दोघंही वाहक आहात, त्या म्हणाल्या, तेव्हा दर गरोदरपणात चारातली एक चिठ्ठी आजाराची. दोन चिठ्ठ्या तुमच्यासारख्या, एक प्रत चांगली आणि एक तशी. एक चिठ्ठी पूर्ण चांगली.

नवरा जरा हुशारला. "म्हणजे चारातली वाईट निघून गेली. आता उरलेल्या तिन्ही चांगल्या."

"तसं नसतं," बाई म्हणाल्या. "दर वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात."

नवऱ्याने मान हलवली आणि तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मला त्याची कीव आली, पण फार लांबून, रस्त्यापलीकडच्या माणसाची यावी तशी.

अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक तुकडा काढून तपासता येईल, असं ठरलं. अहवाल वाईट आला तर काय करायचं हे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो श्वासाचा खेळ पुन्हा नको, हे दोघांनाही माहीत होतं. तोवर मध्ये पाच आठवडे होते. दोघांच्या घराण्यांचा नकाशा काढून आणा, बाई म्हणाल्या, म्हणजे आणखी कोणाकोणाला तपासून घ्यायला सांगायचं ते कळेल.

मी तो रविवारी काढला. पट्टी लावून, दोन्ही घराण्यांचे चार-चार पिढ्यांचे पुरुष, तळाला आम्ही दोघं. इतका नीट कागद माझ्या टेबलावर आजवर कोणी आणलेला नाही. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बायका कुठे आहेत?"

नऊ वर्षं मी त्यांच्यावर रेघा मारत होते. बाईंनी कोरा कागद दिला: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहक असेल तर ते अर्धं भरायचं. मी घरी येऊन वर्तुळं काढायला बसले आणि दोन ठिकाणी अडले. एक माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं माहेर. आणि दुसरं, सासऱ्यांच्या आईचं.

सासऱ्यांची आई म्हणजे मला वाटायचं त्यांना वाढवणारी. तर सासरे म्हणाले, "ती दुसरी. माझी आई मी वर्षाचा असताना गेली, पुढच्या बाळंतपणात. तिचं नाव मला माहीत नाही. लग्नात बदललेलं एक होतं, माहेरचं वेगळं, दोन्ही मला कोणी सांगितली नाहीत." मग देवघराकडे बोट करून म्हणाले, "ती तिथे आहे."

देवघरात कुलदैवतांच्या टाकांमध्ये एक छोटा चांदीचा टाक होता. त्यावर बाईची आकृती, झिजलेली, नाकडोळे पुसलेले. पहिली बायको गेली की दुसरीने तिचा असा टाक गळ्यात घालायचा, सवत म्हणून मान द्यायचा, ही जुनी रीत. दुसरीने तो जन्मभर घातला, आणि ती गेल्यावर तो देवघरात आला. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला मी तो चिंचेने घासत होते. कोण म्हणून विचारलं होतं एकदा, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मोठी आई. घास नीट."

ते वर्तुळ रिकामं ठेवलं. दुसऱ्या वर्तुळासाठी आम्ही चांदवडला गेलो. आईची एक मावशी चांदवडजवळच्या खेड्यात अजून होती, तिच्याकडून आजीच्या माहेरचं कळलं असतं. खरं तर डॉक्टरीणबाईंना त्याची फार गरज नव्हती. पण मी अपुरा अर्ज देत नाही. शिवाय 'बाहेरून आलं' ते नेमकं कुठून आलं, हे मलाही एकदा पाहायचं होतं.

आई, नवरा आणि मी. मावशीआजी कांदाचाळीच्या सावलीत बसून सडके कांदे वेगळे करत होती. ऐंशीच्या पुढची, पण हात भराभर चालत होते. नवऱ्याने ऊन म्हणून टोपी घातली होती. पाया पडायला वाकला तेव्हा त्याने ती काढली. आजीने आशीर्वादाला हात उचलला आणि तो तसाच थांबला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, कांद्याच्या हातांनी, आणि उजेडाकडे वळवलं.

"हे कवाधरनं हाय, जावईबापू?"

"जन्मापासून, आजी."

"आन तुमच्या बापाला?"

"त्यांनाही. आजोबांनाही होती."

आजी माझ्या आईकडे पाहत म्हणाली, "आमच्या थोरल्या अक्काच्या दाल्ल्याला व्हती गं अशी. लग्नात आम्ही पोरी पदर तोंडाला लावून लय हसलो व्हतो. अक्काला म्हातारा नवरा केला म्हून." मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं. "निफाडकडं दिली व्हती तिला. एक पोरगं झालं. दुसऱ्या टायमाला गेली. त्यांनी लगोलग दुसरी केली, आमचा बा भांडला, मंग जाणं नाय का येणं नाय. त्या पोराला आम्ही कवा पाह्यलंच नाय."

सासऱ्यांचं गाव निफाडकडचं. ते पोरगं आत्ता इंदिरानगरात टीव्हीसमोर बसलेलं होतं.

"आजी, तुम्ही आमच्या लग्नाला आला होतात ना?" नवऱ्याने विचारलं.

"आलते की! पंगतीत बसले, दोन जिलब्या खाल्ल्या. पर तुमच्या डोईला फेटा व्हता. तुमच्या बापाच्या डोईला बी. आडनावाचं म्हनशीला तर निम्म्या तालुक्याचं त्येच हाय. मला कोन इचारतंय?"

सासऱ्यांची आई आणि माझी आजी सख्ख्या बहिणी. सासरे आणि माझी आई मावसभावंडं. सोयरीक जुळवताना देवक पाहिलं, पत्रिका पाहिली, मुलाचा पगार पाहिला. फेट्याखाली कोणी पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर ओळख निघाली असती तरी लग्न मोडलं असतं असं नाही. आपल्याकडे नात्यात देणं नवं नाही, उलट पंगतीत एक पदार्थ वाढला असता.

परतताना मी गाडीत कागद मांडीवर घेऊन दोन्ही वर्तुळं जोडली. रेघा वर जाऊन एकाच जोडप्याला मिळाल्या. त्या दोघांपैकी कोणाकडे तरी ती प्रत होती. तिथून ती दोन बहिणींत उतरली, एक टाक होऊन देवघरात गेली, दुसरी मला गोधडी शिवून देऊन गेली. दोघींनाही काही झालं नव्हतं. दोघींनाही पत्ता नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी सगळं सरळ सांगितलं. सासूबाईंना खाली पाहायला लावायला माझ्याकडे आता चांगलं हत्यार होतं, पण ते चालवण्याइतकी मी जागी नव्हते. अहवाल वाचावा तसं वाचलं. सासूबाईंनी दोन्ही वर्तुळांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझ्याकडून आलं ते, आणि आमच्याकडून आलं ते, एकच?"

"हो."

"मग आता बोलायचं कोणाला?" त्यांनी हे टोमण्याने विचारलं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सासरे देवघरातून टाक घेऊन आले होते. तळहातावर धरून म्हणाले, "कशी होती म्हणाली ती? दिसायला?"

मी विचारलं नव्हतं. कोण कोणाची, किती मुलं, कशाने गेली, सगळं लिहून आणलं होतं. ती दिसायला कशी होती हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढच्या गुरुवारी सासरे एकटेच एसटीने चांदवडला गेले आणि संध्याकाळी अर्धं पोतं कांदे घेऊन परत आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी नकाशा पाहिला, छान म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीला तपासून घ्या म्हणाल्या. पण चिठ्ठ्या तेवढ्याच राहिल्या. चारातली एक. सगळं कळलं म्हणून डब्यातली एकही चिठ्ठी बदलली नाही.

वारेचा तुकडा काढला. मुलगा की मुलगी हे विचारणार नाही, सांगणार नाही, अशा कागदांवर सह्या झाल्या. त्यानंतरचे सोळा दिवस मला नीट आठवत नाहीत. सासूबाई रोज डब्यात दोन पोळ्या जास्त द्यायच्या आणि मी त्या तशाच परत आणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन जास्त असायच्याच.

फोन आला तेव्हा मी टेबलावर होते. समोर सिन्नरकडचा एक माणूस वंशावळ घेऊन उभा. बाई म्हणाल्या, "एक प्रत चांगली आहे, एक बिघडलेली. बाळ तुमच्यासारखंच, वाहक. आजार होणार नाही." मी बरं म्हटलं, थँक्यू म्हटलं. ती बिघडलेली प्रत माझी की नवऱ्याची, हे सांगता येतं का, विचारलं. "नाही. दोन्ही अगदी सारख्या आहेत," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. समोरच्या माणसाने पणजोबाशेजारी पणजीचं नाव घातलं होतं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग रेघ मारली आणि नवीन कागद करायला सांगितला, कारण नियम बदललेला नव्हता.

आनंद व्हायला हवा होता. नवरा त्या संध्याकाळी कारखान्याच्या कपड्यांतच मोरीत जाऊन रडला, मी बाहेरून ऐकलं. मला काहीच झालं नाही. पुढचे सहा महिने मी पोट घेऊन दाखले दिले.

मुलगी झाली. रडण्याचा आवाज मोठा, खणखणीत. पाय असे मारत होती की नर्सच्या हातातला फडका पडला. मान, हात, पाय, सगळं पाहण्याआधी मी काय पाहिलं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी तिचं कपाळ पाहिलं. सगळे केस काळे होते. दाट, ओले, काळे.

दुपारी सासूबाई आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, बोटाला तेल लावलं आणि कपाळावरचे केस हलक्या हाताने विंचरू लागल्या. इकडून भांग पाडला, तिकडून पाडला, पुन्हा इकडून. आता म्हणतील, आमचं काहीच घेतलं नाही हिने. उत्तर माझ्या तोंडाशी तयार होतं: घेतलंय, तुमचंही तेच आणि माझंही तेच, फक्त दिसत नाही.

पण सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी टोपडं पुन्हा नीट बांधलं, गाठ मारली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखी नाही."

तेव्हा मला कळलं की त्या घराण्याची खूण शोधत नव्हत्या. माझ्यासारख्याच त्या त्याला शोधत होत्या. आणि तो गेल्यानंतर पहिल्यांदाच मला रडू आलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सासूबाईंनी बाळ नवऱ्याकडे दिलं आणि माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं. त्यांच्या बोटांचं तेल माझ्या केसांना लागलं.